समुद्राच्या पोटातील भेगा

आमचे नेरूळ हे ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर वसलेले नगर. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, तेव्हा येथे भातखाचरे, मिठागरे आणि आगरी-कोळ्यांची गावे होती. आज त्याच जागी वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. या खाडीच्या काठाने सायंकाळी फिरावयास जाणाऱ्या आम्हा वृद्ध मंडळींचा एक लहानसा कंपू आहे. भरतीचे पाणी कांदळवनात शिरताना पाहावे, दूरवरचे रोहित पक्षी मोजावेत आणि चार सुखदुःखाच्या गोष्टी बोलाव्यात, असा आमचा नित्यक्रम.

एके दिवशी आमच्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही आयुष्यभर मुलांना भूगोल शिकविलात. मग एवढे सांगा, या खाडीच्या तळाशी भूकंपाची भेग आहे असे लोक बोलतात, ते खरे का हो? आमच्या चिरंजीवांनी चौदाव्या मजल्यावर जागा घेतली आहे. कर्ज वीस वर्षांचे आहे. ऐकल्यापासून माझ्या डोळ्यास डोळा लागत नाही."

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. भूशास्त्राचा पंडित नव्हे. प्रश्नाचे उत्तर माहीत नसता ते ठोकून देणे ही शिक्षकाची शोभा नव्हे, हे मात्र मी चाळीस वर्षांत शिकलो आहे. तेव्हा वहिनींना म्हटले, "पाहून सांगतो." पाहता पाहता जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे. समुद्राच्या तळाखाली, जेथे मनुष्याचा हात पोहोचत नाही आणि दृष्टीही पोहोचत नाही, तेथील भेगांचा नकाशा काढतात तरी कसा, हा आजचा विषय.

प्रथम भेग म्हणजे काय ते पाहू. घरी तिरंगी बर्फी करतात. खाली पांढरा थर, मध्ये गुलाबी, वर हिरवा. ती सुरीने कापून एक तुकडा बोटभर खाली सरकविला, तर काय होईल? डावीकडील गुलाबी थरासमोर उजवीकडचा हिरवा थर येईल. पृथ्वीच्या पाठीवरील खडकांचे थरही असेच एकावर एक बसलेले असतात. ताण असह्य झाला की ते फाटतात आणि फाटीच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात. याला आपल्या शालेय पुस्तकात प्रस्तरभंग म्हणतात. नुसती चीर म्हणजे प्रस्तरभंग नव्हे. थर जागचे सरकलेले असले पाहिजेत. हे सरकणे जेव्हा एका क्षणी, झटक्याने होते, तेव्हा जो हादरा बसतो तोच भूकंप.

जमिनीवर असा प्रस्तरभंग शोधणे त्या मानाने सोपे. डोंगराचा तुटलेला कडा दिसतो, नदी एकाएकी काटकोनात वळते, विहीर खणताना थरांचा मेळ बसत नाही. परंतु समुद्रात वर पाणी, पाण्याखाली चिखल आणि चिखलाखाली खडक. तेथे डोळ्यांचा उपयोग नाही. तेथे कानांनी पाहावे लागते.

आमच्या करावे गावातील एका वृद्ध कोळीबाबांनी मला सांगितले, "गुरुजी, आमचे वाडवडील दोरीला शिसाचा गोळा बांधून पाण्यात सोडायचे. पाणी किती वाव आहे ते दोरी सांगायची, आणि गोळ्याला खाली चरबी लावलेली असली म्हणजे तळाशी चिखल आहे की रेती तेही कळायचे." हीच रीत जगभर शतकानुशतके चालू होती. तीत एकच उणीव. एका वेळी एकाच ठिकाणची खोली कळते, आणि तळाच्या खाली काय आहे ते मुळीच कळत नाही.

ही उणीव भरून काढली प्रतिध्वनीने. माथेरानच्या एको पॉइंटवर उभे राहून आपण हाक मारतो आणि समोरच्या कड्यावरून ती परत येते. हाक आणि तिचे उत्तर यांमधील वेळ मोजली, तर कडा किती दूर आहे याचा हिशेब चौथीतील मुलगाही करील. हवेत ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. समुद्राच्या पाण्यात तो सुमारे १५०० मीटर जातो. १९१२ साली टायटॅनिक हे जहाज हिमनगावर आपटून बुडाले, आणि पाण्यातील अदृश्य अडथळा ध्वनीने ओळखता येईल काय, या विचाराने शास्त्रज्ञांना झपाटले. १९१४ साली रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी आपल्या यंत्राने हिमनगाचा प्रतिध्वनी टिपला आणि त्याच वेळी समुद्रतळाचाही प्रतिध्वनी त्यांस मिळाला. तेथून पुढे शिसाच्या गोळ्याचे राज्य संपुष्टात आले. १९२५ ते १९२७ या काळात 'मेटेऑर' या जर्मन जहाजाने प्रतिध्वनीच्या साहाय्याने दक्षिण अटलांटिक महासागराचा तळ मोजला. जो तळ सपाट मैदानासारखा असेल असे पुष्कळांस वाटत होते, तो डोंगरदऱ्यांनी भरलेला निघाला.

आता पुढची पायरी. ध्वनी तळावर आपटून सगळाच परत येत नाही. त्याचा काही भाग तळातून खाली जातो, पुढच्या थराला भेटतो, तेथून थोडा परततो आणि उरलेला आणखी खाली जातो. थराथरांच्या सीमेवर हे का घडते? प्रत्येक पदार्थाची घनता निराळी आणि त्यातील ध्वनीचा वेगही निराळा. या दोहोंचा गुणाकार जेथे एकाएकी बदलतो, तेथून ध्वनी परावर्तन पावतो. फरक जितका मोठा, तितका प्रतिध्वनी जोरकस. मऊ चिखलात ध्वनीचा वेग पाण्याहून फारसा अधिक नसतो, म्हणून पाणी आणि चिखल यांच्या सीमेवरचा प्रतिध्वनी बेताचा असतो. परंतु चिखलाखाली आपला सह्याद्रीचा काळा फत्तर असला, की वेग एकदम सेकंदाला सुमारे ५००० मीटरवर जातो आणि तेथून खणखणीत उत्तर येते. जमिनीवर या युक्तीचा पहिला प्रयोग जे. सी. कार्चर प्रभृतींनी १९२१ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा प्रांतात केला. समुद्रात ती नेण्याचे कार्य पुढे मॉरिस ईविंग यांच्यासारख्या संशोधकांनी १९३५ पासून आरंभिले.

या पाहणीचे जहाज कसे असते ते डोळ्यांसमोर आणा. जहाज फार वेगाने जात नाही. तासाला आठ-नऊ किलोमीटर, म्हणजे जलद चालणाऱ्या माणसाहून थोडेसे अधिक. त्याच्या पाठीमागे पाण्यात लोखंडी नळकांडी ओढली जातात. यांस एअर गन म्हणजे हवेची बंदूक म्हणतात. तीत वातावरणाच्या सुमारे १४० पट दाबाने हवा कोंडलेली असते. ती एका क्षणात सोडली, की पाण्यात मोठा बुडबुडा उठतो आणि त्याच्या धक्क्याने ध्वनीची लहर खाली जाते. पूर्वी याच कामासाठी सुरुंगाची दारू वापरीत. ती धोक्याची आणि माशांचा संहार करणारी म्हणून मागे पडली.

बंदुकीच्या मागे, पाण्याखाली काही मीटरवर, तीनचार किलोमीटरपासून आठदहा किलोमीटरपर्यंत लांब अशी एक केबल ओढलेली असते. हिला स्ट्रीमर म्हणतात. हिच्यात ठराविक अंतरावर पाण्यातील ध्वनी ऐकणारे कान बसविलेले असतात. त्यांचे नाव हायड्रोफोन. जहाज २५ मीटर पुढे गेले की बंदुकीचा एक बार होतो. म्हणजे साधारण दर दहा सेकंदांस एक. असे रात्रंदिवस चालते. प्रत्येक बाराबरोबर शेकडो कान ऐकतात आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळेची नोंद ठेवतात.

एक उदाहरण करून पाहू. पाणी ७५ मीटर खोल आहे. ध्वनी खाली जाऊन वर येईतो १५० मीटर चालतो. म्हणजे तळाचा प्रतिध्वनी एक दशांश सेकंदात येईल. समजा, त्यानंतर बरोबर एक सेकंदाने दुसरा जोरदार प्रतिध्वनी आला, आणि मधल्या गाळात ध्वनीचा वेग सेकंदाला २००० मीटर आहे. जाण्यास अर्धा सेकंद, येण्यास अर्धा सेकंद. म्हणजे तो थर तळाखाली १००० मीटरवर आहे. गणित इतके सरळ आहे. अवघड आहे ते गाळातील वेग ठरविणे. त्यासाठीच तर केबल इतकी लांब ठेवतात. जवळचा कान आणि दूरचा कान यांना एकाच थराचे उत्तर किती फरकाने ऐकू येते, त्यावरून वेग काढता येतो.

दुसरी अडचण गोंगाटाची. लाटांचा आवाज, जहाजाच्या इंजिनाचा आवाज, दूरवरच्या बोटींचा आवाज. त्यात तळाखालचे क्षीण उत्तर ऐकू यावे कसे? येथे मला माझा वर्ग आठवतो. पन्नास मुले एका सुरात पाढा म्हणू लागली, म्हणजे बाहेर बाजार कितीही गजबजलेला असो, पाढाच ऐकू येतो. कारण पाढ्याचा शब्द सर्वांच्या मुखी एकाच वेळी येतो आणि गोंगाटाचे शब्द वेगवेगळ्या वेळी. शास्त्रज्ञही तेच करतात. तळाखालील एकाच बिंदूवरून परतलेली अनेक उत्तरे एकत्र करून ती एकमेकांवर ठेवतात. खरे उत्तर बळावते, गोंगाट आपापसांत विरून जातो.

अशा रीतीने ओळीने मिळालेली उत्तरे शेजारीशेजारी मांडली, की कागदावर पृथ्वीच्या पोटाचा उभा छेद उमटतो. थर रेघांप्रमाणे दिसतात. आणि आता आपली बर्फी आठवा. रेघ सरळ चालली आहे, आणि एके ठिकाणी ती एकाएकी तुटून खालच्या अंगाला पुन्हा सुरू होते. तिच्या खालची रेघही तेथेच तुटते, तिच्याही खालची तेथेच तुटते. या तुटीच्या जागा जोडल्या की जी तिरकी रेषा येते, ती प्रस्तरभंगाची रेषा. तुटलेल्या कडेवर ध्वनी विखुरतो आणि छेदावर छत्रीच्या आकाराच्या कमानी उमटतात. जाणता मनुष्य त्या कमानी पाहूनच येथे काहीतरी मोडले आहे हे ओळखतो. मग गणकयंत्राच्या साहाय्याने तो विखुरलेला ध्वनी मूळ जागी आणून बसवितात. एका छेदावरून भेगेची दिशा कळत नाही. म्हणून जहाज उभ्याआडव्या रेषांचे जाळे विणीत जाते, आणि प्रत्येक छेदावरील तूट नकाशावर मांडून शेजारच्या तुटीशी जुळवितात. रेषा दूरदूर असतील तर एका भेगेचे टोक दुसऱ्याच भेगेस जोडले जाण्याची चूक होते. म्हणून अलीकडे अनेक केबली समांतर ओढून लांबी, रुंदी आणि खोली अशी तिन्ही अंगांची पाहणी करतात.

या विद्येने आपल्या घरी काय केले, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. १९६४ च्या सुमारास 'अकादमिक आर्खांगेल्स्की' या रशियन जहाजावरून रशियन व भारतीय तज्ज्ञांनी खंबायतचे आखात आणि त्यालगतचा समुद्र यांची अशीच पाहणी केली. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, पाण्याखाली गाडलेला थरांचा एक विस्तीर्ण उंचवटा त्यांच्या छेदांवर दिसला. वर समुद्र सर्वत्र सारखाच. तळही जवळजवळ सपाट. केवळ प्रतिध्वनीने सांगितले म्हणून त्या जागी जाऊन भोक पाडावयाचे होते. जपानमध्ये बांधलेल्या 'सागर सम्राट' या तरत्या खोदयंत्राने १९७४ च्या जानेवारीअखेर तेथे काम सुरू केले आणि फेब्रुवारीत तेल लागले. १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले. हेच ते बॉम्बे हाय. त्या उंचवट्याच्या पूर्व बाजूस एक मोठा प्रस्तरभंग आहे. तेलशोधकास भेग ही नेहमीच शत्रू नसते. कधी ती तेलास वाट देते, तर कधी भिंत होऊन त्यास अडविते. भेग कोठे आहे हे कळल्यावाचून तेल कोठे साठले हे कळत नाही.

या पाहण्यांतून आपल्या किनाऱ्याचा पूर्वेतिहासही उलगडला. मुंबईसमोर उथळ समुद्राची पायरी सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. दक्षिणेस केरळाकडे जाता ती पुष्कळच अरुंद होते. या पायरीच्या गाळाखाली किनाऱ्याशी समांतर उंचवटे आणि खचलेले पट्टे आहेत, आणि त्यांच्या कडा प्रस्तरभंगांच्या आहेत. सुमारे आठ-नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून विलग झाले. पुढे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा वाहिला त्या सुमारास, सेशेल्सचा तुकडा अलग होऊ लागला. ताणून फाडलेल्या भाकरीच्या कडेस जशा चिरा पडतात, तशा या चिरा होत.

त्याच ताणाची एक खूण आम्हा नेरूळकरांच्या दाराशी आहे. माथेरानच्या कड्यांवर लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे दिसतात. परंतु पनवेल-कल्याणच्या पट्ट्यापासून पश्चिमेस तेच थर समुद्राकडे झुकलेले आढळतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील जे. बी. ऑडन यांनी १९४९ साली या बाकाचे वर्णन केले आणि तो 'पनवेल फ्लेक्शर' या नावाने ओळखला जाऊ लागला. प्रसिद्ध इंग्रज कवी ऑडन यांचे हे थोरले बंधू. हा बाक नुसता वाकल्याने झाला की लहानमोठ्या प्रस्तरभंगांनी थर पायरीपायरीने खचल्यामुळे झाला, यावर भूशास्त्रज्ञांत आजही वाद आहेत. वज्रेश्वरी-गणेशपुरीची उष्ण पाण्याची कुंडे आपण पाहिली असतील. खोल जाणाऱ्या फटींवाचून असे पाणी वर येत नाही. म्हणजे आपल्या भागात भेगा आहेत, यात संशय नाही.

मग वहिनींची भीती खरी ठरली काय? श्रोतेहो, येथेच थोडे थांबावयास हवे. भेग असणे निराळे आणि भेग जागी असणे निराळे. घराच्या भिंतीत आजोबांच्या वेळची चीर असते. तीवर दोनदा रंग दिलेला असून रंग अखंड असेल, तर रंग दिल्यापासून ती चीर हललेली नाही असे आपण समजतो. रंगही चिरला असेल, तर मात्र गवंड्यास बोलावतो. समुद्रतळाची परीक्षा नेमकी अशीच आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवर बर्फ फार साठला होता आणि समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा आजच्या खाडीच्या जागी समुद्र नव्हता, कोरडी दरी होती. बर्फ वितळले, समुद्र चढत आला, आणि सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ पोहोचला. खाडीतला मऊ चिखल बहुतांशी त्यानंतरचा किंवा त्या चढत्या काळातला. हा आपला रंग. खालच्या फत्तरातील तूट या चिखलातही वर चढलेली दिसली, तर भेग मानवी संस्कृतीच्या काळात हललेली आहे. चिखलाचे थर तिच्यावरून अखंड गेले असतील, तर इतक्या काळात तेथे मोठी उलथापालथ झालेली नाही.

हा चिखल पाहण्यास मोठ्या हवेच्या बंदुका निरुपयोगी. त्यांचा आवाज खर्जातला, सेकंदाला दहा ते शंभर आंदोलनांचा. खर्ज खोल जातो, परंतु त्याची लहर लांब. तिला दहा मीटरहून लहान तपशील सहसा दिसत नाही. बारीक तपशील पाहावयाचा तर वरच्या पट्टीचा आवाज हवा. बूमर, स्पार्कर, चर्प अशा नावांची लहान यंत्रे लहान नौकेमागे ओढतात. हजार आंदोलनांच्या आवाजाने अर्ध्या मीटरपेक्षाही पातळ थर ओळखता येतो. मात्र तो आवाज फार खोल जात नाही. खर्ज आणि टीप, दोन्ही लागतात. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

आणि तरीही आमच्या किनाऱ्यावर अडचणी येतातच. कोकणच्या किनारी चिखलात कुजलेल्या वनस्पतींपासून झालेला वायू पुष्कळ ठिकाणी साठलेला असतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पश्चिम किनाऱ्यालगत असे वायुयुक्त गाळ आढळल्याचे दाखविले आहे. वायूचे थोडेसे बुडबुडेही ध्वनीला विखरून टाकतात, आणि छेदावर त्या जागेखाली सगळे धूसर होते. जणू कोणी पडदा सोडावा. दुसरी अडचण उथळ पाण्याची. पंधरा मीटर पाण्यात ध्वनी तळ आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये चेंडूसारखा उड्या मारीत राहतो आणि खोट्या थरांची रांग उभी करतो. तिसरी अडचण आपल्याच काळ्या फत्तराची. तो ध्वनीचा मोठा भाग परत फेकतो, म्हणून त्याच्या खालचे चित्र अस्पष्ट राहते. शिवाय जी भेग थरांना खाली-वर न सरकविता केवळ आडवी सरकविते, ती छेदावर सहज नजरेतून सुटते. तेव्हा भेग दिसली नाही, म्हणजे ती नाहीच, असे मानणे धाडसाचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस जे घडले, ते आपण विसरलो नाही. त्या भूमीस सारे जण स्थिर समजत होते.

समुद्रातील भेगेचे भय कल्पित नाही. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळ फाटून मोठा भूकंप झाला. त्याने उठलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून काही तासांनी, सकाळी सव्वाआठच्या सुमारास, मुंबईस पोहोचल्या. त्यांची उंची येथे सुमारे दोन मीटर भरली आणि काही माणसे वाहून गेली. भूकंप तेथे, मृत्यू येथे. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्र्याजवळचा सुमारे १२०० किलोमीटरहून लांब तळ फाटला आणि दोन लक्षांहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर हैदराबादेस २००७ साली आपले त्सुनामी-इशारा केंद्र सुरू झाले. इशारा देण्यासाठी कोणती भेग कोठे आहे, किती लांब आहे आणि कोणत्या बाजूस कलली आहे, हे आधी ठाऊक असावे लागते; आणि त्या ज्ञानाचा मोठा वाटा याच प्रतिध्वनीच्या छेदांतून येतो.

तुर्कस्तानचे उदाहरण याहून बोलके आहे. १९९९ च्या ऑगस्टमध्ये इझमितच्या भूकंपात सतरा हजारांहून अधिक लोक मेले. ती भेग पश्चिमेस मार्मारा समुद्राखाली शिरते आणि इस्तंबूलच्या अगदी समोरून जाते. तुर्की आणि फ्रेंच शास्त्रज्ञांनी २००० व २००१ साली जहाजे नेऊन त्या समुद्राच्या तळाचा छेद घेतला आणि भेगेचा मार्ग नकाशावर आणला. एप्रिल २०२५ मध्ये त्याच समुद्राखाली पुन्हा ६.२ प्रतीचा धक्का बसला. नकाशाने भूकंप थांबत नाही. परंतु कोणत्या शहराने कोणत्या दिशेकडून सावध राहावे, हे कळते.

या विद्येची किंमतही कोणीतरी मोजतो, हे सांगणे मला आवश्यक वाटते. पावसाळ्यात आपला समुद्र खवळलेला असतो, म्हणून पाहणीची जहाजे उघडिपीच्या महिन्यांतच निघतात. पण मासेमारीचा हंगामही तोच. कित्येक किलोमीटर लांब केबल ओढणाऱ्या जहाजास चटकन वळता येत नाही. मग कोळ्यांना जाळी काढून दूर व्हावे लागते आणि बुडालेल्या दिवसांचा हिशेब त्यांच्या घरी चुलीपाशी होतो. बंदुकीच्या आवाजाने देवमासे आणि डॉल्फिन यांस त्रास होतो, म्हणून आवाज एकदम न करता हळूहळू चढवीत नेण्याची आणि प्राणी जवळ दिसल्यास थांबण्याची पद्धत अनेक देशांनी घालून दिली आहे. ज्ञान सर्वांच्या कामाचे. तर त्याचा भारही एकट्या कोळ्यावर पडू नये, इतका न्याय आपण पाळावयास हवा.

आता वहिनींचे उत्तर. पुढच्या संध्याकाळी मी त्यांना म्हणालो, "वहिनी, आपल्या प्रांतात भेगा आहेत. खाडीची उत्तर-दक्षिण रेघ पाहून जाणत्यांस शंका येते, ती अगदी निराधार नाही. पण भेग आहे एवढ्यावरून ती जागी आहे असे होत नाही. ते ठरते चिखलाच्या थरांवरून, आणि ते काम जाणत्यांचे. वाटेवरच्या गप्पांचे नव्हे."

"मग मी करू तरी काय?" त्या म्हणाल्या.

"प्रश्न बदला," मी म्हटले. "२६ जानेवारी २००१ रोजी भूकंप कच्छात झाला आणि दोनशेहून अधिक किलोमीटर दूर अहमदाबादेत इमारती कोसळल्या. १९८५ साली मेक्सिको शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा भूकंपाचे केंद्र सुमारे ३५० किलोमीटर दूर, समुद्रकाठी होते. शहर मात्र जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर वसले होते, आणि गाळाने हादरा कित्येक पट वाढविला. आपल्या येथेही पुष्कळ जमीन चिखलावर भराव घालून केलेली आहे. तेव्हा चिरंजीवांना विचारा, इमारतीचे खांब भरावात थांबले आहेत की खालच्या फत्तरापर्यंत गेले आहेत? भूकंपाचा विचार करून आराखडा केला आहे काय, आणि त्यावर अभियंत्याची सही आहे काय? २००२ च्या भारतीय मानकाच्या नकाशात मुंबई-ठाणे हा भाग भूकंपाच्या तिसऱ्या पट्ट्यात घातला होता. म्हणजे हा विचार करणे तेव्हापासून कर्तव्यच ठरले आहे. हे कागद मागणे तुमचा हक्क आहे."

गंमत अशी की, याही प्रश्नाचे उत्तर देण्यास तीच प्रतिध्वनीची विद्या कामास येते. खाडीवर पूल बांधावयाचा, तर विंधनविवरे घेऊन खडक किती खोल आहे ते पाहतात. परंतु विवर एका जागेपुरते सांगते. दोन विवरांमध्ये खडक खचलेला आहे की सलग आहे, ते लहान नौकेने काढलेला ध्वनीचा छेद सांगतो. जो छेद भेग दाखवितो, तोच चिखलाची जाडीही दाखवितो. माझ्या मते आपल्या खाडीचा असा संपूर्ण छेद सामान्य नागरिकास पाहावयास मिळाला पाहिजे. आपण आपल्या अंगाचा एक्स-रे पैसे देऊन काढतो आणि जपून ठेवतो. ज्या भूमीवर लाखो संसार उभे आहेत, तिचा एक्स-रे कपाटात का पडून राहावा?

वहिनींच्या चिरंजीवांनी कागद मागितले. पंधरा दिवसांनी ते मिळाले. खांब खडकापर्यंत गेलेले आहेत, असे त्यांत लिहिले होते. वहिनी आता पूर्ववत फिरावयास येतात, आणि भरतीच्या वेळी पाण्याकडे पाहून मला विचारतात, "मास्तर, आज खाली काय चालले आहे?" मी म्हणतो, "ऐकणारी नौका येईल, तेव्हा कळेल."